डाव्या कडंचा तोल

आधी मला एक सांगा, हे छापून आल्यावर कोनी चौकशीला येनार न्हाई ना? अंक काढनाऱ्या मॅडम नांदेडच्या हायत, त्यांला मी हेच सारखं इचारलं. त्या म्हनल्या, तू फोनमधी बोल, मी उतरून घेते, तुझी भाषा हाय तशी ठेवते. मंग मला शक आला, फोनमधी बोललेलं आनखी कुठं कुठं जात आसंल. त्या हसल्या. कोनी हसलं की मला जास्तच शक येतो. म्हनून शाळेचं नाव सांगत न्हाई, गावाचं सांगत न्हाई, किनवटकडची पोरींची निवासी शाळा हाय येवढंच धरा, आन् मानसांची नावं मी मनानं ठेवलेली हायत, ती खरी समजू नका.

कागदावर मी कामाठी हाय. पोरींच्या खोल्या, ताटं, पानी, कोनाला ताप आला तर दवाखाना, हे माझं काम. पन सांजंला मी पोरींना बेसबॉल शिकवते, ते कागदावर न्हाई. मी अहमदपूरला शाळंत पिचर होते, दहावीपस्तोर. राज्याच्या टीमसाठी निवडायला बोलावलं होतं मला, आन् तवाच पाहुने आले, आन् लगीन झालं. तवा मी केवढी होते ते इचारू नका. परीचे पप्पा नांदेडात टेम्पो चालवतात, चांगले हायत, पन सासूबाईला अजून वाटतं की मी नोकरीच्या नावाखाली खेळायला जाते. तेवढा शक त्यांचा खरा हाय. परी म्हनजे माझी लेक, दोन वर्साची, ती कायम माझ्या कडंवर.

लोकांला वाटतं बॉल हातानं फेकतात. हात तर सगळ्यात शेवटी येतो वो. पिचर म्हनजे बॉल टाकनारी, ती मातीच्या जरासक उंचवट्यावर उभी राहते. समोर बॅटवाली, तिच्या मागं बॉल झेलनारी. पिचरनं आधी मागच्या पायावर सगळं वजन घ्यायचं, पुढचा गुडघा पोटापस्तोर उचलायचा आन् तिथं एक दमभर थांबायचं. सगळं त्या थांबन्यात हाय. डोकं बेंबीच्या बराबर वर पाह्यजे. डोकं पुढं कललं की बॉल मातीत, मागं गेलं की बॉल आभाळात. मंग पुढचा पाय सरळ समोर टाकायचा आन् सगळं अंग त्या पायावर आनून सोडायचं, बॉल आपोआप जातो. बॅटवालीचं बी तेच. मागच्या पायावर दबून बसायचं, डोकं हालू द्यायचं न्हाई, पुढच्या पायावर येता येता कंबर फिरवायची, हात कमरेच्या मागून येतात. ज्या पोरी नुसत्या हातानं मारायला बघतात त्या भिंगरीवानी फिरतात आन् खाली बसतात.

आमच्याकडं तोल शिकवायला काही सामान न्हाई. मी परीला भात भरवीत बसते आन् पोरींना सांगते, एका पायावर उभ्या राहा, परीनं घास गिळला की पाय खाली. आन् परी घास गालात धरून ठिवते. पोरी वरडतात, "ताई, गिळव की तिला! माय, मेले मी!" एकजन परीला हात जोडते, "परीबाई, गिळा वो, तुमच्या पाया पडते." परी हसते, गिळत न्हाई. त्याच्यानं जेवढा तोल आला तेवढा दुसऱ्या कशानं आला न्हाई.

तोल गेलेला दिसला की मला झोप येत न्हाई, कामून की तोल उगं जात न्हाई. मागल्या वर्सी एक सोनी होती, पाय टाकला की टाचंवर घसरायची. बघितलं तर तिच्या पायात लई मोठे बूट. मी म्हनलं हे चोरलेले हायत. कोनाचे हायत ते बघायला लागले, सोनीच्या मागं मागं फिरले. शेवटाला ती रडत म्हनली, "ताई, दादाचे हायत, फडकं कोंबलंय मधी." आमचे खेळाचे कदम सर म्हनले, "बाई, तुम्हाला पोलिसात घ्यायला पाहिजे होतं." मी म्हनलं, "सर, पोलिसाचं नाव नका घेऊ."

मंग ह्या वर्सी जमुना आली.

नववीला आली. तिला सोडायला तिची आई होती, वाळकी, बोलनं न्हाई, चालनं न्हाई. पोरगी उंच, खांदे रुंद, हात लांब. मी तिला बघितलं आन् मनात म्हनलं, ही पिचर हाय. बॉल हातात दिला. गुडघा उचलस्तोर झकास. आन् पुढचा पाय टाकला की सगळं अंग डावीकडं ढळलं, बॉल झेलनारीच्या कितीतरी बाजूनं गेला. मी म्हनलं, नवीन हाय. बॅट दिली. तिथं बी तेच. उभी राहिली की डावी कंबर बाहीर, उजवा खांदा खाली. घागर उचलनाऱ्या पोरी बी वाकड्या उभ्या राहतात, पन घागर खाली ठिवली की त्या सरळ होतात. ही होत न्हवती.

मला ते उभं राहनं वळखू आलं. माझंच उभं राहनं होतं ते. परी झाल्यावर मी पहिल्यांदा बॉल हातात घेतला तवा माझा बॉल असाच गेला होता, आन् मला किती दिवस कळलं न्हाई की डाव्या कडंवर लेकरू घेऊन घेऊन माझी कंबरच तिकडं गेली. आन् दुसरं सांगते. प्रार्थनेला सगळ्या पोरी सरळ उभ्या, आन् जमुना हळूहळू झुलायची. कडंवर काही न्हाई, तरी झुलायची. लेकरू निजवनारी बाई झुलते तशी.

मला धडकीच भरली. मी म्हनलं, ह्या पोरीला लेकरू हाय.

आता तुम्ही इचार करा. नववीची पोरगी, कागदावर चौदा वर्सांची. एक तर कागद खोटा, पोरगी मोठी हाय, लगीन झालेली हाय, मंग आमची टीम बाद. न्हाई तर कागद खरा हाय आन् पोरीला लेकरू हाय, मंग पोलिस, चौकशी, कोनाला ठाऊक होतं, कामाठीनबाईला ठाऊक होतं का. आन् चौकशीवाले एकदा आले की ते इकडंतिकडं बघत बघत मला इचारतील, बाई, तुमचं लगीन कवा झालं? मी गप बसले. गप बसले आन् बघत राहिले. कपडे धुताना बघायचे, जेवताना बघायचे. ती परीसाठी भात बोटानं कुस्करून द्यायची, मीठ चाखून. परी कोनाकडं जात न्हाई, हिच्याकडं गेली की खांद्यावर मान टाकून गप.

एक दिवस मी इचारलंच. "जमुना, तुला लेकरं लई सांभाळता येतात ग?"

"हाव."

"कोनाचं सांभाळलं?"

"घरचं," म्हनली आन् ताट घेऊन उठून गेली.

तिचा तोल सरळ करायला मी लई बेजार झाले. तिला उजव्या पायावर उभी करायची, डाव्या हातात काही न देता उजव्या हातात पान्याची बादली द्यायची, बादली घेऊन चाल म्हनायची. हळूहळू कंबर आत आली. पाय समोर पडायला लागला. गणपतीच्या टायमाला जिल्ह्याच्या मॅची नांदेडला होत्या, तवर तिचा बॉल असा यायला लागला की झेलनारी पोरगी झोंबलेल्या हातावर फुकर मारायची. कदम सर म्हनले, "बाई, ही राज्याला जाते बघा." मला आनंद बी झाला आन् भ्या बी वाटलं, कामून की राज्याला कागद जास्त तपासतात.

नांदेडच्या मैदानात आमची मॅच सुरू झाली. जमुना बॉल टाकत होती, समोरच्या पोरी बॅट फिरवून फिरवून वापस जात होत्या. आन् मला जाळीच्या पल्याड लेकराचं रडनं आयकू आलं. परीचं न्हाई, परी माझ्यापाशी होती. बघितलं तर एक मानूस, तिशीतला, दाढी गुळगुळीत, नवा शर्ट, आन् हातात दीड वर्साचं लेकरू. लेकरू जमुनाकडं हात करून रडत होतं, "जम्मी, जम्मी."

जमुनानं गुडघा उचलला होता. तिनं मान वळवली न्हाई, पन तिची कंबर गेली. माझ्या डोळ्यांदेखत डावीकडं गेली, जसं कोनी येऊन कडंवर बसलं. बॉल बाहीर. पुढचा बी बाहीर. त्याच्या पुढचा समोरच्या पोरीच्या दंडाला लागला.

मी जाळीपाशी गेले. "कोन तुम्ही?"

"मी तिचा दाजी. थोरल्या बहिनीचा मालक." मानूस गोड बोलत होता. "हिची बहीन बाळंतपनात गेली वो. हे तिचं लेकरू. जमुनानंच सांभाळलं इतके दिवस. आता तिची आई आजारी हाय, नेयला आलो."

माझ्या डोक्यावरचं वझं उतरलं. लेकरू तिचं न्हाई, बहिनीचं हाय! मला रडूच आलं, मी म्हनलं, बाई ग, काय काय इचार केला मी ह्या पोरीबद्दल. मी त्याला म्हनलं, "मॅच होऊ द्या, मंग शाळंत चला, तिची पेटी, कपडे घेऊन सोडतो तिला."

तो म्हनला, "पेटी कशाला? शाळंचे कपडे राहू द्या. वाटून टाका पोरींत."

उतरलेलं वझं परत डोक्यावर येऊन बसलं. आई आजारी हाय तर पोरगी आठ दिवसानं वापस येनार. कपडे कामून वाटायचे? मी त्याच्या तोंडाकडं बघितलं, गुळगुळीत दाढीकडं बघितलं, नव्या शर्टाच्या घडीकडं बघितलं. आमच्याकडं बायको गेली, लेकरू ल्हान आसलं, की लोक मेव्हनीकडं बघतात. लेकराला मावशी म्हनजे आईच, असं म्हनून हळद लावतात. मी अशी लगनं बघितलेली हायत.

लेकरू रडून रडून निळं पडत होतं. मी म्हनलं, "द्या हिकडं." परी डाव्या कडंवर होती, ते लेकरू मी जाळीवरून उजव्या कडंवर घेतलं. दोन्हीकडं दोन. कदम सर पळत आले, "बाई, हे काय बालवाडी उघडली? तिकडं मॅच चालली!"

मी म्हनलं, "सर, टाइम मागा. मला तिच्यापाशी जाऊ द्या."

"तुम्ही? मैदानात? दोन पोरं घेऊन?"

"मागा म्हनते ना!"

मी सरांला असं कधी बोलले न्हवते. सरांनी टाइम मागितला. मी दोन्ही लेकरं घेऊन तशीच उंचवट्यावर गेले, समोरच्या टीमच्या पोरी फिदीफिदी हसत होत्या, "आली बघा फॅमिली." जमुनाला बघून लेकरानं तिच्या गळ्यात उडी घातली. तिनं हातातला बॉल सोडला न्हाई, बॉल धरूनच त्याला घेतलं.

मी इचारलं, "तुझं लगीन लावून राहिलेत का?"

तिनं बॉलची शिलाई अंगठ्यानं चाचपली.

"दाजीसंगं?"

"मला कोनी इचारलं न्हाई, ताई."

"मी इचारते. तुला जायचंय का?"

तिनं लेकराच्या डोक्याला तोंड लावलं. "लेकराकडं जायचंय," म्हनली. "दाजीकडं न्हाई."

मी लेकरू वापस घेतलं, म्हनलं, "डोकं बेंबीच्या वर ठेव," आन् खाली आले. तिनं कसे टाकले बॉल ते मला ठाऊक न्हाई. मी कदम सरांला बाजूला घेतलं आन् सगळं भडाभडा सांगितलं.

सर म्हनले, "बाई, तुम्हाला बुटांचाही संशय आला होता."

"हाव सर. आला होता."

"खात्री आहे?"

"न्हाई. पन कपडे वाटून टाका म्हनला तो."

सरांनी फोन काढला. शाळंच्या भिंतीवर लेकरांसाठी मदतीचा नंबर रंगवलेला हाय, तो सगळ्यांला पाठ हाय, लावला मात्र कोनी न्हाई. सर म्हनले, "एकदा लावला की मागं फिरता येत नाही. तुमचंही नाव येईल." मी म्हनलं, "सर, माझं नाव नका घालू, तुमच्या पाया पडते." सरांनी माझ्याकडं बघितलं, लावला नंबर. बोलले चांगलं, पन तिकडून पोरीचं गाव इचारलं, बहीन कवा गेली इचारलं, दाजीचं नाव इचारलं, सरांला काहीच ठाऊक न्हाई. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. तिकडून एक बाई म्हनली, "तुम्ही कोण बोलताय?" मी म्हनलं, परीची आई. ती म्हनली, "पूर्ण नाव सांगा ताई." सांगितलं. मालकाच्या नावासगट सांगितलं.

मॅच हारलो आम्ही. पोरी रडत होत्या. दाजी आत आला, "चला, उशीर व्हतो." सर म्हनले, "हिच्या शाळेच्या कार्डावर नेणारी म्हणून आईचा फोटो आहे. आईशिवाय मुलगी सोडता येत नाही."

"आई आजारी हाय म्हनलं न्हवं मी?"

"मग आम्हीच तिला घेऊन येतो आईला भेटायला. सोबत बालविकास विभागाचे लोक असतील."

त्या मानसाचं गोड बोलनं तिथंच संपलं. माझ्याकडं बघून म्हनला, "ही कामाठीन सांगते का तुम्हाला? हिचं काय जातं?" मी जमुनाच्या मागं उभी राहिले, खरं सांगते, पोरीच्या मागं लपले.

जमुना पुढं झाली. तिनं लेकरू माझ्याकडून घेतलं, तोंड पुसलं, आन् स्वताच्या हातानं दाजीला दिलं. तो त्याला पोत्यावानी दोन्ही हातानं धरून निघाला, लेकरू उलटं होऊन किंचाळत होतं. तो जाळीपस्तोर गेला आन् जमुना वरडली. शाळंत आल्यापासून तिचा येवढा मोठा आवाज मी आयकला न्हवता. "दाजी! आडवं नका धरू त्याला! कडंवर घ्या, मान खांद्यावर येऊ द्या!" त्यानं थांबून तसं केलं. लेकरू गप झालं.

पुढं त्या विभागाचे लोक आले, कागद झाले, अठरा व्हईस्तोर लगीन करनार न्हाई म्हनून आईनं अंगठा दिला. आई आजारी न्हवतीच. गेटवर मला म्हनली, "तुम्हाला पोरीची फिकीर हाय बाई. त्या लेकराला आई कोन आनू मी?" तिचं खोटं न्हवतं. आता ती रविवारी लेकराला घेऊन येते, जमुना दिवसभर त्याला घेऊन फिरते, आन् सोमवारी तिचा बॉल डावीकडं जातो. मी तिला म्हनते, उजव्या कडंवर बी घेत जा ग. ती म्हनते, त्याला डावीच कड लागते, ताई.

माझ्याकडं चौकशीला कोनी आलं न्हाई अजून. आलं न्हाई म्हनून बी मला शकच येतो.

मागल्या आठवड्यात दाजी आला. एकटाच, काळ्या मोटरसायकलवर, पेढ्याचा बॉक्स घेऊन. परत गोड बोलायला लागला. म्हनला, "ताई, झालं गेलं सोडा. माझं जमलं. लेकराला आई भेटली." मी पेढा हातात घेतला. बरं वाटलं मला, जमुनाच्या मागची पीडा गेली. मंग तोंडापस्तोर नेलेला पेढा मी तसाच धरला आन् इचारलं, "नवरी केवढी हाय?"

"मोठी हाय."

"मोठी म्हनजे केवढी?"

"मोठी हाय म्हनलं न्हवं," म्हनला आन् गाडीला किक मारली. वर बघितलं न्हाई त्यानं. मी परीला घेऊन मागं पळाले, "वो पाहुने, गाव कोन्तं नवरीचं? गाव तर सांगा!" गाडीच्या आवाजात येवढंच आयकू आलं, जळकोटाकडलं. जळकोटात न्हाई, जळकोटाकडलं. तिकडं गावं किती, मी कुठं कुठं फोन लावू?

म्हनून मॅडमला मी हो म्हनले. त्या म्हनल्या, अंक दिवाळीत निघतो, तुमच्या जिल्ह्यात बी जातो, लातूरला बी जातो, जळकोट लातुरातच येतं. दिवाळी झाली की तुळशीचं लगीन लागतं, आन् मंग मानसांच्या तारखा निघतात. तुमचं कोनी जळकोटाकडं आसंल तर जरा बघा. किनवटकडचा नवरदेव, बिजवर, काळी मोटरसायकल, दीड वर्साचं लेकरू, मामा म्हनून जाऊ नका, काका म्हनून जाऊ नका, नुसतं मांडवात जाऊन बघा पोरगी केवढी हाय. माझा शक खोटा निघाला तर निघू द्या. तो पेढा मी फडक्यात गुंडाळून ठिवलाय, कळवा, खाऊन टाकीन.